अडकित्ता कुठे गेला

रत्नाच्या घरातून अडकित्ता नाहीसा झाला तेव्हा तिने आधी स्वतःवरच शंका घेतली. शिवणकामाच्या पसाऱ्यात काहीही जातं आणि आवराआवरीत काहीही सापडतं, हा तिचा अनुभव होता. पण पुढच्या आठवड्यात किसणी गेली. मग मागच्या दाराचं जुनं कुलूप, आणि त्यानंतर देवघरातली पितळी पळी. अडकित्ता एक दिवस आपोआप फडताळात परत आला तेव्हा मात्र ती चपापली. चोर वस्तू नेतो, परत आणून ठेवत नाही.

घरात माणसं दोनच. ती आणि लीलाधर.

लीलाधरला धुळ्याच्या देवपुरात ओळखत नाही असं कोणी नव्हतं. तो लग्नांत, साखरपुड्यांत, सेवानिवृत्तीच्या समारंभांत माइक घेऊन उभा राहायचा. पाहुण्यांची नावं पुकारायची, टोप्या-उपरण्यांच्या सत्काराला माणसं बोलवायची आणि मुहूर्ताला वेळ असला की लोकांना बसवून ठेवायचं, हे त्याचं काम. बसवून ठेवायला तो शब्दांच्या गोष्टी सांगे. "मंडळी, शाई हा शब्द आला फारसीतल्या सियाहीवरून. सियाही म्हणजे काळेपणा. म्हणजे आपण लाल शाई म्हणतो तेव्हा लाल काळं म्हणतो!" मंडप हसायचा. चावी, बिजागरी, घमेलं, पगार हे सगळे शब्द पोर्तुगिजांच्या जहाजातून उतरले, असं त्याने सांगितलं की म्हातारेसुद्धा खिशातली चावी काढून बघायचे. धुळ्यापासून पार मुक्ताईनगरपर्यंत त्याला बोलावणी यायची.

त्या हिवाळ्यापासून ती येईनाशी झाली. म्हणजे यायची, पण लीलाधर नाही म्हणायचा. घसा बसलाय, ॲसिडिटी आहे, अशी कारणं सांगायचा. ॲसिडिटीच्या म्हणून गोळ्याही घ्यायचा. भिकुअक्काच्या नातवाचं, राजदीपचं लग्न मुक्ताईनगरला ठरलं, तेव्हा तर त्याने हद्दच केली. भिकुअक्का त्याची सख्खी थोरली बहीण, दोन घरं टाकून राहणारी. तिला तो म्हणाला, "दुसरा कोणी बघा."

भिकुअक्का तणतणत रत्नाकडे आली. मशीनशेजारच्या स्टुलावर बसली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "रत्ना, तुन्हा माणूस दर मंगळवारे कथा जास वं?"

"जळगावला. त्यांचे कोणी मित्र आहेत म्हणतात."

"मित्र!" अक्काने ओठ मुडपले. "तुले खरं वाटस?"

रत्नाने टीप घालणं थांबवलं नाही, पण टीप वाकडी गेली.

तिला खरं वाटत नव्हतंच. लीलाधर आता फोन घेऊन गच्चीवर जायचा. एकदा वाळवणाच्या निमित्ताने ती जिन्यात थांबली तेव्हा तिला त्याचा आवाज ऐकू आला. अडखळत, जपून बोलत होता, पूर्वी कधी बोलला नव्हता तसा. "काडीमोड... हो. काडी घ्यायची... दोघांच्या मधे... मोडायची. झालं. संपलं." मग बराच वेळ पलीकडचं ऐकत राहिला आणि म्हणाला, "पाणी सोडलं की... परत मागायचं नाही. बरोबर?"

रत्ना तशीच खाली आली. डाळीचं ताट जिन्यातच राहिलं.

आणखीही एक गोष्ट होती, ती तिने अक्कालाही सांगितली नव्हती. लीलाधर तिला नावाने हाक मारेनासा झाला होता. त्यांच्या पिढीत बायकोचं नाव चारचौघांत घेणारे थोडे. हा पहिल्यापासून घ्यायचा. दारातून चपला काढता काढता "रत्ना" म्हणायचा. आता "अगं", "ऐकलंस का", नाहीतर नुसतं खाकरणं. एकदा पाहुण्यांसमोर तो तिच्याकडे हात करून "ही... ही आपली..." एवढंच म्हणाला आणि चहाचा कप उचलला. ज्या बाईला सोडायचं तिचं नावसुद्धा जड होत असेल, असं रत्नाला वाटलं. त्या रात्री तिने त्याच्यासाठी वाढलेलं ताट मुकाट्याने पुढे सरकवलं. त्याने ते मुकाट्याने संपवलं. कधी नव्हे ते त्याने भरताला मीठ कमी आहे असंही म्हटलं नाही, आणि त्यानेच तिची शंका आणखी पक्की झाली.

किसणी, पळी, कुलूप. एकेक वस्तू जात होती ती जळगावच्या बिऱ्हाडात. मग अडकित्ता परत का आला? तिथे सुपारी खाणारं कोणी नसेल, असंही उत्तर तिने स्वतःला देऊन टाकलं. फोनमध्ये तिने एकदा पाहिलं होतं. नाव होतं 'दिपमाला जळगाव'.

पुढच्या मंगळवारी लीलाधर आंघोळीला गेला तेव्हा तिने त्याची कापडी पिशवी उघडून पाहिली. आत अडकित्ता होता, चाळणी होती आणि तिच्याच शिवणाच्या डब्यातलं अंगुस्तान होतं. अंगुस्तान! बोटात सुई जाऊ नये म्हणून घालायची ती पत्र्याची टोपी, तिच्या आईची. परात नेली असती तरी तिला एवढं लागलं नसतं. तिने पिशवी होती तशी ठेवली, "बाजारात जाऊन येते" म्हणून मोठ्याने सांगितलं आणि रिक्षा करून पांझरेचा पूल ओलांडून थेट स्टँड गाठलं. तो जायचा त्याच्या आधीची जळगाव गाडी तिला मिळाली.

पारोळा गेलं, एरंडोल गेलं. काय बोलायचं ते ती मनात जुळवत होती. एरंडोलपर्यंत तिचं बोलणं चांगलं कडक झालं होतं. जळगावच्या स्टँडवर रसवंतीच्या मागे, पदर डोक्यावरून ओढून, ती उभी राहिली. लीलाधर उतरला. नीट इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. इकडेतिकडे न बघता चालू लागला. ती मागे. तो एका तीन मजली इमारतीत शिरला. खाली औषधांचं दुकान, त्याच्या बाजूने जिना.

वरच्या मजल्यावरचं दार पुरतं लागलेलं नव्हतं. बाहेरच्या बाकावर एक वयस्कर जोडपं बसलं होतं. आतून तरुण बाईचा आवाज आला, "काका, घाई नको. हे हातात घ्या. काय आहे?"

रत्ना दाराशी सरकली.

"हे..." लीलाधरचा आवाज. "कापतं. सुपारी. सुपारी कापतं."

"बरोबर. नाव?"

मग जीभ टाळ्याला आपटल्याचा आवाज. "काप... कात्री. नाही. कात्री नाही."

"तुम्हीच मला सांगितलं होतं ना मागे, हा शब्द कुठून आला? तिथून या."

"कानडी," तो पटकन म्हणाला. "कानडीत सुपारीला... अडके. अडके. अडकि... अडकित्ता! अडकित्ता."

"शाबास!"

रत्नाने दाराच्या फटीतून पाहिलं. मधे एक टेबल. टेबलावर तिचा अडकित्ता, तिची चाळणी, तिच्या आईचं अंगुस्तान, आणि मागच्या खेपांना आलेली किसणी, पळी नि कुलूपही. टेबलापलीकडे पांढरा कोट घातलेली, चष्मा लावलेली तिशीच्या आतली मुलगी. अलीकडे लीलाधर. त्याचा शर्ट पाठीला घामाने चिकटला होता. एक शब्द म्हणताना.

बाकावरची म्हातारी हळूच म्हणाली, "यांनाही बोलता येत नाही. झटका आला होता." आणि शेजारच्या नवऱ्याचा हात तिने आपल्या मांडीवर ओढून घेतला.

आत मुलीने फोन पुढे धरला होता. "आता हे. या कोण?"

"माझी बायको." हे त्याला लगेच आलं.

"नाव?"

लीलाधरने फोन जवळ ओढला. "हिरा," तो म्हणाला. मान हलवली. "नाही. मोती... पोवळं... माणिक." त्याने टेबलावर मूठ आपटली. "तिथेच आहे. तिथेच आहे आणि हाताला लागत नाही."

एरंडोलपर्यंत जुळवलेलं सगळं बोलणं रत्नाच्या डोक्यातून निघून गेलं. पण राग गेला नाही, उलट वाढला. तिने दार ढकललं.

"हे मला सांगायला तोंड नव्हतं तुम्हाला?"

लीलाधर उठून उभा राहिला. चोरी पकडल्यासारखा. मुलगी एकदा त्याच्याकडे, एकदा फोनमधल्या फोटोकडे, एकदा रत्नाकडे बघू लागली.

"तुम्ही काकू? काकांनी मला सांगितलं होतं की घरी सगळं माहीत आहे." तिचा चेहरा पडला. "मी दिपमाला. ज्यांची वाचा जाते त्यांना मी बोलायला शिकवते."

मग तिनेच थोडंथोडं सांगितलं, कारण लीलाधरला ते सलग सांगता येत नव्हतं. थंडीत फैजपूरच्या एका लग्नात तो माइकवर उभा होता. भटजींनी खूण केली, आणि त्याला 'अक्षता' हा शब्दच आठवेना. "तांदूळ... तांदूळ टाका," असं तो म्हणाला. लोकांना वाटलं गंमत केली, सगळे हसले. तोही हसला. परतीच्या वाटेवर जळगावला उतरून त्याने एकट्यानेच डोक्याचा फोटो काढून घेतला. मेंदूत रक्ताची बारीक गुठळी अडकून गेली होती. हातपाय शाबूत राहिले होते. वस्तूंची नावं तेवढी निसटली होती. त्या ॲसिडिटीच्या गोळ्या रक्त पातळ करायच्या होत्या.

"फोनवर ते काडीमोडचं काय होतं मग?" रत्नाने विचारलं. एवढं ऐकूनही तिला ते विचारायचंच होतं.

दिपमाला गोंधळली. मग तिच्या लक्षात आलं. "तो अभ्यास होता. मी रोज एक शब्द देते. सगळ्यांना मी नुसती चित्रं दाखवते, पण काकांना शब्दामागची गोष्ट आठवते आणि गोष्टीतून शब्द सापडतो. पूर्वी नवराबायकोची फारकत पंचांसमोर गवताची काडी मोडून व्हायची, म्हणून काडीमोड. दान देताना हातावरून पाणी सोडायचे, म्हणून एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणं. घरातल्या वस्तूही मीच आणायला सांगितल्या. हाताळलेल्या असल्या की बरं पडतं."

"धुळ्यात कोणी नव्हतं का शिकवायला?"

"धुळ्यात," लीलाधर म्हणाला, "सगळे... ओळखतात." मग अडकित्ता पिशवीत टाकत, "तू मला पुन्हा कधी मंडपात जाऊ दिलं नसतंस."

"नसतंच दिलं," रत्ना म्हणाली. ते खरंच होतं. ती खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली आणि अंगुस्तान उचलून आपल्या बोटात घातलं. "हे मात्र परत न्यायचं. दुसरं काही आणा."

दिपमालाने तिला स्पष्ट सांगितलं. काही शब्द परत येतील, काही येणार नाहीत. गोळी एक दिवसही चुकवायची नाही. लोकांत बोलायचं सोडलं तर आहेत तेही जातील.

शेवटचं वाक्य रत्नाने घट्ट धरलं. धुळ्याला परतल्यावर तिने लीलाधरला न विचारता भिकुअक्काला सगळं सांगून टाकलं. अक्काने आधी डोळ्याला पदर लावला, मग कपाळावर हात मारला. "आन मी बठ्ठा गल्लीमा भलतंच सांगी ऱ्हायनू!" लीलाधरला हे कळलं तेव्हा तो इतका चिडला की रत्नाशी बोलणंच बंद केलं. ती त्याच्यासमोर गोळी आणि पाण्याचा तांब्या ठेवी, तो गोळी घेई आणि भिंतीकडे बघे. अखेर अक्काच येऊन त्याच्यासमोर बसली. "भाऊ, मन्हा नातूना लगीनमा तूच बोलशी. चुकी तं चुकी."

राजदीपच्या लग्नात मुक्ताईनगरच्या मंडपात लीलाधर माइक घेऊन उभा राहिला. रत्ना त्याच्या डाव्या हाताला. आयुष्यात ती कधी माइकजवळ गेली नव्हती, पदराचं टोक तिने मुठीत गच्च धरलं होतं. त्याने सुरुवातीलाच सांगून टाकलं, "मंडळी, मला... झटका येऊन गेला. शब्द रुसलेत. अडलो तर या सांगतील." मागून कोणीतरी म्हणालं, "बोला भाऊ, वेळ शे."

तो बोलला. पूर्वीसारखा नाही. 'उपरणं' त्याला मिळालं नाही, तेव्हा त्याने खांद्यावर हात ठेवून दाखवलं आणि रत्नाने शब्द पुरवला. अक्षतांच्या वेळी तिने शब्द ओठांवर तयार ठेवला. तो मात्र एकेक अक्षर वाट शोधत गेला. "क्षत म्हणजे... तुटलेलं. तुटलेलं नाही ते... अ-क्षत. अक्षता घ्या, मंडळी." लोकांना वाटलं त्याने नेहमीसारखी गोष्टच सांगितली.

घोटाळा झाला तो सत्काराच्या वेळी, आणि तो रत्नाने केला. नवरीच्या मामांचं नाव पुकारताना लीलाधर अडला. ती घाईने माइकमध्ये म्हणाली, "प्रेमराज भाऊ!" प्रेमराज हे मामांच्या धाकट्या भावाचं नाव, आणि त्या दोघांचं वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. थोरले मोतीलाल मामा अर्ध्यातून उठले होते ते तसेच खाली बसले, मग पुन्हा उठून मंडपाबाहेर चालू लागले. नवरीच्या आईचा चेहरा पांढरा पडला. रत्नाला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं.

लीलाधरने माइक तिच्या हातात कोंबला आणि तो खाली उतरला. गर्दीतून वाट काढत त्याने मामांना चपलांच्या ढिगाशी गाठलं, त्यांच्या दंडाला धरलं. तो काय म्हणाला ते स्टेजवर ऐकू आलं नाही. बराच वेळ तो बोलत होता, मधेच थांबून हवेत बोटांनी काहीतरी शोधत होता, पुन्हा बोलत होता. मामा आधी दुसरीकडे बघत होते, मग त्याच्याकडे बघू लागले, मग एकदा हसले. शेवटी त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि दोघं स्टेजकडे निघाले.

"काय सांगितलंत त्यांना?" तो वर आल्यावर रत्नाने हळूच विचारलं.

"खरं ते," लीलाधर म्हणाला. "की चूक तुझी." आणि त्याने मामांना घालायच्या उपरण्यासाठी हात पुढे केला.