एकेचाळीस कुसळं

गटातल्या अकरा बागायतदारांनी वर्षातून एकदा एकमेकांच्या बागा तपासायच्या, मगच सगळ्यांच्या पेट्यांवर सेंद्रियचा हिरवा शिक्का बसायचा, असा नियम होता. एकाने काही लपवलं आणि ते पुढे उघडकीला आलं, तर अकराही बाद. त्यात तपासायला, गटाने ज्याचं नावच 'फूटपट्टी' पाडलं होतं, तो येणार म्हटलं की भल्याभल्यांची पाचावर धारण बसे. तसा हा साधा पेरूवाला; पण नियम म्हटला की त्याच्या अंगातच यायचं. दोन वर्षांपूर्वी त्याने स्वतःच्याच बागेची एक ओळ नापास केली होती, कलमाला प्लॅस्टिकची दोरी सापडली म्हणून.

यंदा त्याच्या चिठ्ठीत नाव निघालं ते थेट व्याह्यांचं. निघताना बायकोने बजावलं, "जरा माणसासारखं वागा. आपली मुलगी आहे त्या घरात."

"मी काय वाघ आहे?"

"वाघ परवडला. तो मोजत तरी नाही."

तिच्या बोलण्याला कारण होतं. मागच्या खेपेला हा गृहस्थ व्याह्यांच्या दारात खुर्चीवर बसून पँटीला चिकटलेली कुसळं अर्धा तास काढत बसला होता, आणि शेवटी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला होता, "एकेचाळीस."

व्याही फाटकातच उभे होते, इस्त्रीचा सदरा घालून. फूटपट्टीने खिशातून फॉर्म काढला आणि खाली पाहिलं. बागेत सगळीकडे गुडघाभर गवत. पण फाटकापासून दारापर्यंतची वाट पिवळीधमक, वाळलेली. दोन्ही बाजूंना कडा अशा सरळ की त्याला क्षणभर कौतुकच वाटलं. मग नळापाशी पाठीवरच्या फवारणी पंपाच्या बुडाएवढा गोल पिवळा डाग दिसला, आणि कौतुक तिथेच संपलं.

"वाट कशी झालीय?" व्याह्यांनी छाती फुगवून विचारलं. "एक कुसळ लागलं असेल तर दाखवा!"

"हे... हातानं काढलंत?"

"हातानं? कंबर राहिली असती का? दुकानातून तणनाशक आणलं. तुम्ही येणार म्हणून मुद्दाम!" इतकं बोलून झाल्यावर समोर व्याही नाही, तपासनीस उभा आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं. "म्हणजे... झाडांना नाही हो मारलं. वाटेला मारलं."

नियम स्पष्ट होता. वाट आणि तिच्या दोन्ही बाजूंची एकेक ओळ यंदा शिक्क्यातून बाद. फूटपट्टीने पेन उघडलं, आणि तेवढ्यात लेक चहा घेऊन बाहेर आली.

त्या दोन ओळी तिच्या होत्या. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच वर्षी तिने संत्र्याची ती झाडं लावली होती, आणि यंदा पहिल्यांदा फळ धरलं होतं. हिरव्या शिक्क्यासाठी तिने पेट्यासुद्धा पुसून दारात रचून ठेवल्या होत्या. फूटपट्टीने उघडलेलं पेन पुन्हा मिटलं.

"घरातली गोष्ट घरात ठेवू," व्याही हळूच म्हणाले. "कोण बघायला येतंय?"

लेकीने वाटेकडे पाहिलं, पंपाच्या डागाकडे पाहिलं. सगळं समजलं तिला.

"लिहा बाबा," ती म्हणाली. "शाळेत चित्रांच्या स्पर्धेला परीक्षक होतात, तेव्हा मला शेवटचा नंबर दिलात. आज काय नवीन आहे?" हसत म्हणाली, पण चहाचा ट्रे तिने पुसलेल्या पेट्यांवरच ठेवून दिला.

फूटपट्टीने लिहिलं. दोन ओळी, बाद. 'कारण' या रकान्यात लिहिलं, 'पाहुण्याची पँट.' मग 'जबाबदार व्यक्ती' आली. व्याह्यांनी मान खाली घालून सहीसाठी हात पुढे केला. पण फूटपट्टीने तिथे स्वतःचं नाव घातलं. 'उपाय' म्हणून खाली लिहिलं, 'सदर व्यक्ती दर रविवारी येऊन वाटेवरचं गवत हाताने काढेल.'

"अहो, काहीतरीच काय!" व्याही किंचाळले. "माझ्या दारात व्याह्याने गवत उपटायचं? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

"घालू दे. शेण नियमात बसतं."

पुढच्या रविवारी तो जुनी पँट घालून हजर झाला. व्याह्यांनी दहा मिनिटं खुर्चीवर कशीबशी काढली. मग पाहुणा राबतोय आणि आपण बसलोय हे त्यांना बघवेना. तेही खुरपं घेऊन शेजारी उकिडवे बसले. तिसऱ्या रविवारपर्यंत वाटेवर कोवळी पाती उगवली होती, आणि दोघांच्या कमरा एकाच सुरात कण्हू लागल्या होत्या.

त्याच दिवशी लेकीने पहिली संत्री उतरवली. बिनशिक्क्याच्या पेटीतून दोन काढून तिने दोघांच्या हातावर ठेवली आणि वडिलांसमोर उभी राहिली.

"दहापैकी किती?"

फूटपट्टीने एक फोड तोंडात टाकली. बराच वेळ चावली. डोळे मिटले, पुन्हा उघडले.

"दहा."

"बाबा, खरं सांगा."

"दहा म्हटलं ना."

शेजारी व्याह्यांचा एक डोळा आपोआप बंद झाला होता. "अहो व्याही," ते म्हणाले, "चांगलीच आंबट आहेत की."

"तुम्ही गप्प बसा," फूटपट्टी म्हणाला आणि दुसऱ्या संत्र्यासाठी हात पुढे केला. "तपासनीस मी आहे."