चाळीस सेकंद आधी

मिसेस आयरीन स्टोलारिक यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया दोन मे रोजी झाली आणि नीट पार पडली. हे तुम्ही वाचलेलं नाही. मीही लिहिलेलं नाही. आज एप्रिलची एकोणीस तारीख आहे, शस्त्रक्रियेला बाईंनी साफ नकार दिलेला आहे, आणि सेंट हेडविग वृद्धनिवासाच्या बैठकीच्या खोलीत एकतीस माणसं श्वास रोखून एका म्हाताऱ्याच्या डाव्या कानाकडे बघत बसली आहेत.

कान क्लेम व्रॅबेलचा. वय चौऱ्याहत्तर. जन्मभर दारोदार फिरून व्हॅक्यूम क्लीनर विकलेले. समोरच्याला त्याच्याच गालिच्यातली न दिसणारी धूळ दाखवायची, हा त्याचा चाळीस वर्षांचा अनुभव.

"या कानानं मला या जगातलं ऐकू येत नाही," क्लेम सांगायचा. "जागा रिकामी होती. ते राहायला आले."

ते म्हणजे आत्मे. आत्म्यांना बेसबॉलची आवड होती.

टेबलावरच्या स्पीकरमधून सामन्याचं धावतं वर्णन चालू असायचं. क्लेम डोळे मिटून बोट वर करायचा. "उजवीकडे उंच चेंडू. झेल." खोलीत शांतता. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकायचं. बऱ्याच वेळानं स्पीकरमधला आवाज म्हणायचा, उजवीकडे उंच चेंडू, आणि झेल. एकतीस माणसं एकदम श्वास सोडायची. दोघीतिघी छातीवर क्रूस काढायच्या.

स्पीकरमधला तो आवाज माझा होता.

मी टोबी. हार्लन फोर्ज मस्करॅट्स या संघाचा निवेदक. संघ व्यावसायिक आहे, म्हणजे खेळाडूंना पगार मिळतो. याहून मोठा पुरावा आमच्याकडे नाही. गावातलं रेडिओ केंद्र दोन वर्षांपूर्वी बंद पडलं, तेव्हापासून मी इंटरनेटवर बोलतो. मैदानाच्या छपराखाली एक खोकं आहे, त्यात मी आणि एक पडदा. पडद्यावर श्रोत्यांची संख्या दिसते. ती चार होती. एक माझी आई, ती लावून कामाला जाते. दुसरा माझाच फोन, तो मी पिशवीत चालू ठेवतो, संख्या तीन दिसू नये म्हणून. तिसरे संघाचे मालक, त्यांना बंद कसं करायचं ते माहीत नाही. चौथा कोण, ते मला ठाऊक नव्हतं. मी त्या चौथ्यासाठी बोलायचो. सामना संपला की त्याला शुभ संध्याकाळ म्हणायचो. मग पिशवीतून माझाच आवाज उशिरानं मला शुभ संध्याकाळ म्हणायचा. खोक्यात मला उत्तर देणारा तेवढाच.

तर या मोसमात काय झालं, की तीन वर्षं तळाला असलेला आमचा संघ पहिले अकरा सामने ओळीनं जिंकला. कारणं होती. पहिले दोन प्रतिस्पर्धी आमच्याइतकेच वाईट होते. आमच्या नव्या पिचरचा चेंडू थंडीत कुणाला दिसत नव्हता. आणि मोसम शंभर सामन्यांचा असतो, त्यात नाणेफेकीसारखे सुरुवातीला अकरा छापे ओळीनं पडू शकतात. पण सेंट हेडविगमध्ये कारण एकच होतं. क्लेम.

फक्त घरच्या मैदानावरचे सामने त्याला आधी कळायचे. परगावचे का नाही, असं कुणीतरी विचारलं होतं. "आत्म्यांना बस लागते," क्लेम म्हणाला. लोकांना ते पटलं. त्यातल्या निम्म्यांना बस लागायची.

इथवर सगळी मजा होती. मिसेस स्टोलारिक एकोणऐंशी वर्षांच्या. शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य गेलेलं. हृदयाची एक झडप अरुंद झालेली, जेवणघरापर्यंत चालताना तीनदा थांबायच्या. बावीस एप्रिलला शस्त्रक्रिया ठरली होती. आठव्या विजयाच्या दिवशी क्लेमनं त्यांचा हात हातात घेतला आणि सांगितलं, "संघ हरत नाही तोवर तुझं हृदय हरत नाही, आयरीन." बाईंनी त्याच दुपारी दवाखान्यात फोन करून तारीख रद्द केली. डॉक्टरांनी उलट फोन करून उन्हाळा निघणार नाही असं स्पष्ट सांगितलं. बाईंनी त्यांना संघाचे निकाल सांगितले.

हे मला कळलं ते योलांडा प्रुइटकडून. ती तिथली परिचारिका. अठरा तारखेला सकाळी ती रस्ता ओलांडून, लोखंडी जिना चढून माझ्या खोक्यात आली. तीन वर्षांत तिथे आलेली ती पहिली व्यक्ती. मी खुर्ची द्यायला उठलो, तर खुर्ची एकच होती.

"त्या म्हाताऱ्याशी तुझं काय साटंलोटं आहे?" तिनं विचारलं.

कुठल्या म्हाताऱ्याशी, ते मला कळेना. तिनं सगळं सांगितलं. मी म्हटलं, चेंडू कुठे जाणार याचा अंदाज माणूस करू शकतो.

"चेंडूचं सोड. तो तुझे विनोदही आधी सांगतो. शब्द न शब्द. मेलेली माणसं इतके फालतू विनोद करणार नाहीत, टोबी. आणि परवा म्हणाला, हा आता शिंकेल."

"मग?"

"तू शिंकलास."

मला दोन गोष्टी कळल्या. एक, चौथा श्रोता म्हणजे एकतीस माणसांची खोली होती. तीन आठवडे माझं बोलणं एकतीस जण कान देऊन ऐकत होते, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. दुसरी गोष्ट जरा नंतर, पिशवीतला फोन दिसला तेव्हा. इंटरनेटवर माझा आवाज चाळीस सेकंद उशिरा पोहोचतो.

ज्यांना कमी ऐकू येतं अशा प्रेक्षकांसाठी आमच्या फाटकावर सहा छोटी कानयंत्रं असतात. माझा आवाज त्यांत थेट येतो, एका सेकंदाचाही उशीर नाही. त्याची लहर गाड्यांच्या तळापर्यंत पोहोचते, आणि नीट जुळवलं तर रस्त्यापलीकडेही. आम्ही खाली जाऊन खण उघडला. यंत्रं पाच होती. वहीत पहिल्या सामन्याच्या दिवशीची सही होती, सी. व्रॅबेल. परत केल्याची सही नव्हती. सेंट हेडविगमध्ये निम्म्यांच्या कानात असलं काहीतरी असतंच, म्हणून क्लेमच्या कानातलं कुणाला वेगळं दिसलं नव्हतं.

"तो एकटाच आला होता त्या दिवशी," योलांडा म्हणाली. "बर्फ पडत होता. मी म्हटलं, मिस्टर व्रॅबेल, कशाला जाता? म्हणाला, कुणाशी बोलायला नको, बघत बसता येतं."

क्लेम चार वर्षं तिथे राहत होता. या काळात त्याच्याकडे दोन पाहुणे आले, त्यातला एक चुकून. जेवायला तो भिंतीकडे तोंड करून बसायचा. एप्रिलपासून त्याला खिडकीजवळची खुर्ची होती, मिसेस स्टोलारिक दर रविवारी अक्रोडाचा रोल करून आणायच्या, आणि दुपारी एक ते चार एकतीस माणसं त्याच्याभोवती.

मला त्याचा राग यायला हवा होता. थोडा आला.

एकोणीस तारखेचा सामना. चौथा डाव चालू होता, आमचा फलंदाज सोपा झेल देऊन परतला होता. मी माइक जवळ ओढला आणि ज्या आवाजात रोजचं सांगतो त्याच आवाजात सांगितलं की मैदानात एक उंट शिरला असून तो दुसऱ्या बेसवर बसला आहे.

पुढचं योलांडानं मला सांगितलेलं. क्लेमचं बोट वर होतं. ते वरच राहिलं.

"बोला क्लेम, काय ऐकू येतंय?" कुणीतरी म्हणालं.

"उंट," क्लेम म्हणाला.

कुणी हसलं नाही. चाळीस सेकंद गेली आणि स्पीकर म्हणाला, उंट. खोलीत असा काही हुंकार उठला की स्वयंपाकघरातली बाई धावत आली. एका गृहस्थांनी गुडघे टेकायचा प्रयत्न केला. त्यांना दोघांनी परत उचललं. मिसेस स्टोलारिक रडत होत्या. आम्ही भांडं फोडायला गेलो होतो आणि विश्वास दुप्पट झाला होता.

मग मी पुढचं बोललो.

"मिस्टर व्रॅबेल, इथे उंट नाही. मी खोटं बोललो, आणि तुमच्या आत्म्यांनीही तेच खोटं सांगितलं. तुम्हाला सामना आधी कळत नाही, माझं बोलणं आधी कळतं. आमचं यंत्र तुमच्या कानात आहे. आत्ता हे फक्त तुम्ही ऐकताय. बाकीच्यांना चाळीस सेकंदांनी ऐकू येईल. तेवढ्यात मिसेस स्टोलारिकना काय सांगायचं ते सांगा."

खोलीत सगळे पुढच्या भाकिताची वाट बघत होते. पहिली दहा सेकंदं तो हलला नाही. मग त्यानं कानातून यंत्र काढलं आणि अक्रोडाच्या रोलशेजारी ठेवलं.

"आयरीन, दवाखान्यात फोन कर," तो म्हणाला. "संघ आज ना उद्या हरणार. तुझ्या हृदयाला त्यातलं काही कळत नाही. पलीकडे कुणी नाहीये. रस्त्यापलीकडे एक पोरगा आहे, तो बडबडतो आणि मला आधी ऐकू येतं, एवढंच."

मग माझा आवाज आला आणि सगळं पुन्हा सांगितलं. तोवर त्याची गरज उरली नव्हती. संघ हरणार, हे अख्ख्या मोसमात क्लेमनं स्वतःच्या डोक्यानं केलेलं एकच भाकीत.

मिसेस स्टोलारिकनी यंत्र उचलून उलटसुलट पाहिलं. "मग इतके दिवस बोलत का होतास?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही ऐकत होतात," क्लेम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही अकरा धावांनी हरलो. बाई मनगटावर बोट ठेवून शेवटपर्यंत बसल्या. नाडी चालू होती. सामना संपल्यावर त्यांनी डॉक्टरांना फोन केला आणि नवी तारीख घेतली. कुठली, ते मी तुम्हाला सांगितलेलं नाही.

साधी गोष्ट आहे. कुणी आधी सांगितलं, तर त्याला कुठून कळलं ते विचारा. जिथे जमत नाही तिथे का जमत नाही, हेही विचारा, आणि बस लागते हे उत्तर घेऊ नका. झडप अरुंद झाली तर ती डॉक्टरच रुंद करतात. त्यांना आमचे निकाल ठाऊक नसले तरी चालतं. आणि शेजारचा माणूस भिंतीकडे तोंड करून जेवत असेल, तर तो आत्मे बोलवायच्या आत त्याच्या टेबलापाशी जाऊन बसा.

सामन्याच्या वेळेला सेंट हेडविगमध्ये आता पत्ते खेळतात. पडद्यावरची संख्या तीन झाली. घरचा सामना असला की क्लेम मात्र सातव्या रांगेत येऊन बसतो, एकटा. यंत्र रीतसर सही करून घेतो, सही करून परत करतो. श्वास ओढल्याचं ऐकून मी शिंकायच्या आत तो वर बघतो. तो थेट ऐकतो म्हणून पडद्यावर मोजला जात नाही. त्या संदर्भात मी लीगच्या कार्यालयाला अर्ज केला आहे, तो असा:

महोदय, हार्लन फोर्ज मैदानावरील दिनांक १९ एप्रिलच्या सामन्याच्या अधिकृत नोंदीतून उंट वगळण्यात यावा. तसेच यापुढे श्रोत्यांची संख्या जाहीर करताना सातव्या रांगेतील एका इसमाची गणना श्रोता म्हणून करण्यात यावी, आणि नियमात बसत असल्यास बोलणाऱ्याचीही. कळावे.