नासलेली हाक

मास्तरीणबाईंच्या वर्गाचा पहिला नियम असा होता, की कुत्र्याला हाक मारून कधी फसवायचं नाही. आपण बोलावलं, तो आला, की त्याचं भलंच व्हायला हवं. खाऊ मिळावा, खेळ मिळावा, निदान पाठीवरून हात फिरावा. बोलावून आंघोळ घातली, बोलावून साखळी अडकवली, बोलावून रागावलं, की हाक नासते. दुधासारखंच असतं ते. नासली की नासली.

हे त्या इतक्या हळू आवाजात सांगत, की गोदामामागच्या त्या मोकळ्या जागेत कुत्र्यांचे मालक कान पुढे करून, कमरेत वाकून उभे राहत. लांबून पाहणाऱ्याला वाटे, इथे माणसांनाच नमस्कार करायला शिकवतात.

"हिचं बोलणं आणि पंख्याचं फिरणं, दोन्हींत मला अजून फरक कळत नाही," असं त्यांचे यजमान म्हणत. ते निवृत्त बस-कंडक्टर. गर्दीतून शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा आवाज. बाईंना त्याचं काही वाटत नसे. तोंडातून कठोर शब्द काढायचा नाही, हा त्यांचा रोजचा नेम होता. सकाळची प्रार्थना झाल्याशिवाय पाणी नाही आणि दुसऱ्या जिवाला घास दिल्याशिवाय आपला घास नाही, हे आणखी दोन. तिन्ही नेम त्या चोख पाळत. त्याचा त्यांना जरासा अभिमान होता. अभिमान धरायचा नाही, असा नेम करायचं मात्र राहूनच गेलं होतं.

ढब्बूला घेऊन आले ते औषधवाले आजोबा. दुकान विकून झालं होतं, गुडघे कुरकुरत होते, आणि लेक त्यांना आपल्या घरी न्यायला तयार होती. ढब्बूला न्यायला तयार नव्हती. तिच्या घराचं फाटक थेट रहदारीच्या रस्त्यावर उघडायचं. मागच्या भेटीत ढब्बू त्यातून सुसाट सुटला होता आणि ट्रकवाल्याने करकचून ब्रेक मारला म्हणून वाचला होता.

"मी काही दुष्ट नाही हो," लेक बाईंना म्हणाली. "हाकेला आला पाहिजे, एवढंच. महिनाअखेर मी स्वतः बघणार. नाहीच जमलं, तर माझ्या ओळखीचे एकजण शेतावर राहतात, ते न्यायला तयार आहेत."

"मग मलाही शेतावरच पाठव," आजोबा म्हणाले.

"तुम्ही तरी कुठे हाकेला येता, बाबा?"

आजोबा जायला वळले. ढब्बूच्या मानेवरचा त्यांचा हात मात्र निघेना. तो हात पाहून बाईंनी, पुरता विचार न करता, ढब्बूला महिनाभर स्वतःच्या घरी ठेवून घेतलं.

आणि जमलं की! "ये बाळा" म्हटलं, की तो गुबगुबीत तपकिरी प्राणी अंगणाच्या टोकाहून कान उडवत यायचा. बाईंनी स्वतःची पाठ मनातल्या मनात इतकी थोपटली, की हात दुखायला हवा होता.

मग ढब्बूचा डावा कान दुखायला लागला. जनावरांच्या डॉक्टरने थेंब दिले, सकाळ-संध्याकाळ घालायला. पहिल्या दिवशी बाटली पाहताच ढब्बू पलंगाखाली गेला. बाई गुडघ्यांवर बसल्या, वाकून पाहिलं, पण पलंगाखाली शिरायचं त्यांचं वय आणि आकारमान राहिलं नव्हतं. दूध उतू जायला आलं होतं. वर्गाची वेळ झाली होती. त्यांनी बाटली पदराआड लपवली आणि मधाळ आवाजात म्हटलं, "ये बाळा."

बाळ शेपूट हलवत आलं. बाईंनी कान धरला, थेंब घातले.

"एकदाच," त्या स्वतःला म्हणाल्या. संध्याकाळीही त्या "एकदाच" म्हणाल्या. पुढे कितीतरी दिवस सकाळ-संध्याकाळ त्यांचं हे एकदाच चाललं.

मग एका दुपारी, मुठीत खाऊ आणि मनात काहीही काळंबेरं नसताना, त्यांनी अंगणात हाक मारली. ढब्बू अर्ध्या वाटेपर्यंत आला, तिथेच बसला आणि दुखरा कान पलीकडे वळवून त्यांच्याकडे पाहू लागला. रागाने नव्हे. शेजारी उसनं मागायला येतोय असं दिसलं, की माणूस जसं पाहतो, तसं.

यजमान ओट्यावर बसले होते. "काय गं, तुझ्या वर्गाचा पहिला नियम काय?"

"असू दे आता."

"नाही, खरंच विचारतोय. मला कधी ऐकूच आला नाही. पंखा चालू असतो."

नेम नसता, तर बाई त्यांना काहीतरी बोलल्या असत्या.

नासलेल्या हाकेवर एकच उपाय असतो, तोही त्या वर्गात शिकवत: ती टाकून द्यायची आणि नवीन घ्यायची. जिने त्या कुत्र्याला कधीच फसवलं नाही, अशी. बाई तशी हाक शोधायला बसल्या, आणि सवयीने आधी माणसांवर प्रयोग करून पाहिला.

"अहो, जरा इकडे या ना," त्यांनी गोड आवाजात म्हटलं. ओट्यावरचे यजमान उठले, न्हाणीघरात गेले, आतून नळ सुरू झाला.

"सूनबाई, एक मिनिट गं."

"आई, मी फोनवर आहे!" असं आतून उत्तर आलं. फोन बाईंच्या समोर टेबलावर पडला होता.

बाई खुर्चीत टेकल्या. "जरा इकडे या" म्हणजे माळ्यावरचे डबे काढणं आणि "एक मिनिट" म्हणजे पाऊण तास चादरींच्या घड्या, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. इतकी वर्षं कठोर शब्द एक निघाला नव्हता. नुसत्या मऊ शब्दांनी त्यांनी घरातल्या एकूण एक हाका नासवल्या होत्या. कुत्रं निदान अर्ध्या वाटेपर्यंत तरी येत होतं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेत त्यांचं लक्ष लागेना. प्रार्थनेचा शेवट ठरलेला होता. "कृपा असू दे," असं म्हणायचं, डोळे उघडायचे आणि पावाचा पहिला तुकडा ढब्बूला द्यायचा. त्या दिवशी मन ढब्बूतच अडकलं होतं, म्हणून शेवटचे शब्द म्हणताना एक डोळा आधीच किलकिला झाला. आणि त्यांनी पाहिलं. व्हरांड्यात गाढ झोपलेला ढब्बू त्या शब्दांसरशी उठला, तुरुतुरु आला आणि दोन्ही कान, दुखऱ्यासकट, टवकारून पुढ्यात बसला.

बाईंनी दुसराही डोळा उघडला. घरभर आपण जे जे बोलतो, त्यात एवढ्याच बोलण्यामागे कुणाला काम लावलेलं नव्हतं. मागणं होतं खरं, पण ते ढब्बूकडे नव्हतं.

पण देवाचे शब्द, आणि कुत्र्याला हाक म्हणून?

"म्हण की खुशाल," यजमान म्हणाले. "इतकी वर्षं म्हणतेस, पहिल्यांदाच कुणीतरी आलंय."

"अहो!"

बाईंनी देवाची माफी मागितली. फाटक उघडं असेल आणि रस्त्यावर ट्रक असेल, तेव्हा आपण ते शब्द अगदी मनापासूनच म्हणू, असं स्वतःला समजावलं, आणि आजोबांना बोलावून घेतलं.

आजोबांचा चेहरा पडला. "मी? मी जन्मात कुणापुढे हात जोडले नाहीत, मास्तरीणबाई. दुकानात लोक देवाचं नाव काढायचे, तर मी म्हणायचो, गोळी वेळेवर घ्या. दुसरं काही चालणार नाही का?"

"दिवस थोडे राहिलेत, आजोबा. त्याला हेच एक पटलंय."

मग अंगणात रोज सराव सुरू झाला. खिशात पावाचे तुकडे घेऊन आजोबा "कृपा असू दे" असं पुटपुटत, औषधाच्या वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचावीत तसं. ढब्बू उठे आणि खात्री करून घ्यायला बाईंकडे पाही.

"मागितल्यासारखं म्हणा ना," बाई म्हणाल्या.

"कुणाकडे मागू?"

"ढब्बूकडे मागा. सध्या तेवढं पुरे."

महिनाअखेर लेकीच्या अंगणात परीक्षा ठरली. बाईंनी सगळी तयारी केली होती. ढब्बूच्या पट्ट्याला लांब दोरी, दोरीचं टोक स्वतःच्या मुठीत, फाटक बंद. लेक हाताची घडी घालून पायरीवर उभी. आजोबा तिच्या शेजारी, खिशात हात घालून. "सुरू करू या," असं बाई म्हणाल्या आणि नीटनेटकं दिसावं म्हणून त्यांनी पदर सावरला. दोरीवाल्याच हाताने.

नेमकं तेव्हाच पार्सलवाल्याने बाहेरून फाटक ढकललं. ढब्बू त्याच्या पायांमधून निघून गेला, दोरी त्याच्यामागे सापासारखी गेली.

बाईंच्या तोंडातून काय निघावं? "ये बाळा!"

ढब्बूने वळून पाहिलं, त्याला थेंब आठवले असावेत, आणि तो आणखी जोरात पळाला. बाईंनी पुन्हा तोंड उघडलं. रहदारीच्या आवाजात त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू आला नाही.

"कृपा असू दे!"

आजोबा पायरी उतरून फाटकाकडे येत होते, एक गुडघा ओढत. "अरे, कृपा असू दे! असू दे रे, कृपा असू दे!" गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. पार्सलवाल्याने गोंधळून हेल्मेट काढलं. आजोबा ढब्बूकडे मागत होते की आणखी कुणाकडे, हे त्या घडीला त्यांनाही सांगता आलं नसतं.

रस्त्याच्या कडेला ढब्बू थांबला. एक बस त्याच्या नाकासमोरून गेली. मग तो वळला, तुरुतुरु आला आणि आजोबांपुढे कान टवकारून बसला. आजोबांनी घाईघाईने खिशातून काढलेला पावाचा तुकडा खाली पडला. ढब्बूने तो मातीसकट खाल्ला.

लेकीने आधी फाटक लावलं. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही? हे शब्द?"

"औषध आहे ते," आजोबा धापा टाकत म्हणाले. "पावाच्या तुकड्याबरोबर घ्यायचं."

"म्हणजे मलाही म्हणावं लागणार? सगळी गल्ली ऐकेल!" ती ढब्बूकडे बघत राहिली. मग तिने बापाचा घामेजलेला हात धरून त्यांना पायरीवर बसवलं. "राहू दे त्याला. पण या फाटकाला आपोआप बसणारी कडी मी आजच करून घेणार."

बाईंनी पिशवीतून थेंबांची बाटली काढून तिच्या हातात दिली. "अजून थोडे दिवस घालायचेत. बोलावून घालू नका हं. आपण उठून त्याच्याकडे जायचं. मी बोलावून घातले, म्हणून हे सगळं झालं."

"तुम्ही? पहिल्या दिवशी आम्हाला हाच तर नियम सांगितला होता!"

"तेव्हा मला तो फार चांगला येत होता," बाई म्हणाल्या.

निघताना त्या फाटकाशी थांबल्या. ढब्बू आजोबांच्या पायांवर हनुवटी टेकून पडला होता. जिभेवर हाक आली. त्यांनी ती गिळली, पिशवी खाली ठेवली, सगळं अंगण ओलांडून परत आल्या आणि कण्हत-कुथत त्याच्या शेजारी मातीत बसल्या. त्याचा बरा कान खाजवला. ढब्बूने डोळे मिटले आणि सावकाश, थोडा विचार करून, दुखरा कानही त्यांच्याकडे केला.

त्या उठताना मात्र बाप-लेक दोघांनाही हात द्यावा लागला.