तुरुंगाच्या लाइनीतलं दळण

"पट्टा तुटलाय," दौलतशेठ म्हणाला आणि त्याने हौसाबाईचा डबा हाताने बाजूला सारला.

पट्टा तिच्या डोळ्यांसमोर फटफट फिरत होता. दौलतशेठच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर पीठ बसलं होतं. तिच्या मागून आलेल्या बाईचा डबा त्याने उचलला, वजन केलं आणि चक्कीत ओतलासुद्धा.

"मग ह्ये काय चाललंय?"

"ते आधीचं आहे."

हौसाबाई साताऱ्याकडची. नवरा महिपत ठाण्याच्या तुरुंगात शिपाई. पावसाळा सरल्यावर त्याची इकडे बदली झाली आणि तुरुंगामागच्या शिपायांच्या लाइनीत त्यांना एक खोली मिळाली. शहरात आपल्याला काही कळत नाही, असं तिला सारखं वाटायचं. म्हणून त्या दिवशी ती भांडली नाही. दोन दिवसांनी परत गेली.

या वेळी दौलतशेठने चक्की थांबवली आणि तिला बाजूला घेतलं.

"बाई, स्पष्ट सांगतो. तुमचं दळण इथे आणू नका. लोक बोलतात."

"काय बोलत्यात?"

"मंगळवारी आत फाशी झाली. खटका कोणी ओढला, ते अख्ख्या बाजाराला ठाऊक आहे. असल्या कामाला नवा माणूसच धरतात. आणि आदल्या दिवशी तुमच्या मालकांनी डझनभर पिकली केळी नि लोणी नेलं. दोर मऊ करायला लागतं ते. फळवाल्यानेच सांगितलं."

हौसाबाईने डबा पोटाशी धरला. "जोंधळं मी निवडते, शेठ. त्यांचा हात बी लागत न्हाई."

बोलून गेली आणि तिच्या लक्षात आलं, आपण कबूलच केल्यासारखं झालं. दौलतशेठनेही मान तशीच हलवली.

"ते तुमचं तुमच्यापाशी. माझं गिऱ्हाईक तुटलं तर मी कोणाच्या तोंडाकडे बघू? चक्की माझी आहे. कोणाचं दळायचं ते मी ठरवणार."

घरी येताना तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. केळी घरी आली नव्हती. लोणीही नाही. संध्याकाळी महिपतचा खाकी सदरा धुवायला घेताना तिने बाह्या नाकाशी नेल्या. घामाचा वास आला, बिडीचा आला. आणखी कसला आहे का, म्हणून तिने पुन्हा हुंगून पाहिलं, आणि मग घाईघाईने सदरा बादलीत बुडवला.

पुढे काही दिवस ती खाडी ओलांडून कळव्याला जायची. तिथल्या चक्कीवर एक म्हातारी आगरीण बसायची. तिने दोनदा दळून दिलं. तिसऱ्या खेपेला ती डब्याला हात न लावताच म्हणाली, "तुजा नवरा जेलान हाय ना गो? मंग इकरं नको येव, बाय."

शेजारची शीला, म्हणजे भिवा शिपायाची बायको, टिपणीस वकिलांकडे धुणं करायची. ती हौसाबाईला त्यांच्याकडे घेऊन गेली. हरिहरपंत टिपणीसांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमची जात काढून हाकललं असतं, तर मी आज नोटीस धाडली असती," ते म्हणाले. "धर्म, जात, जन्मगाव, बाई की पुरुष, यावरून दुकानदाराला कोणाला अडवता येत नाही. राज्यघटनेतच आहे ते. पण नवऱ्याची नोकरी? त्याबद्दल घटना काही बोलत नाही."

"म्हंजी त्याचं बरोबर हाय?"

"बरोबर आहे असं मी म्हटलं नाही. कायद्याने त्याला अडवता येत नाही, एवढंच म्हटलं." मग त्यांनी आवाज खाली आणला. "पण मला खरं सांगा. तेच ना?"

पाण्याचा तांब्या घेऊन आलेली त्यांची बायको दारातच थांबली होती, उत्तर ऐकायला. हौसाबाई पाणी न पिताच उठली.

त्या संध्याकाळी महिपत उंबऱ्यावर बसून बूट काढत होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"अवो, तुमीच का?"

काय विचारतेय, हे त्याला समजावून सांगावं लागलं नाही. "कुणी इचारलंय?"

"मी इचारते. दळण मिळंना झालंय मला."

महिपत बुटाच्या नाडीशी खेळत राहिला. "मी न्हाई म्हणालो तर तुला बरं वाटंल. मग शीला भिवाला इचारंल, त्यो बी न्हाई म्हणंल. मग पलीकडच्या उत्तमची बायको त्याला इचारंल. असं करत ज्याला न्हाई म्हणता येणार न्हाई, त्यो एकटा उघडा पडंल. आमी सगळ्यांनी ठरवलंय, कुणी कायबी बोलायचं न्हाई. घरात बी."

"अन् केळी?"

"आणायला मला धाडलं, मी आणली."

"मग पुढं?"

"पुढचं इचारू नगंस. आमच्यातलाच कुणीतरी हाय. सरकारनं सांगितलं, त्यानं केलं. त्याच्या घरच्यांनी काय दगडं खायची?"

तो खरं बोलतोय, असं तिला वाटलं. पण त्याने एकदाही वर पाहिलं नव्हतं, हेही तिला दिसलं.

सकाळी ती लाइनीत दारोदार फिरली. चक्कीवर सगळ्यांनी मिळून जायचं, असं तिने सांगितलं. शीला लगेच तयार झाली. उत्तमची बायको सरोज मात्र दारातूनच म्हणाली, "माझं दळण घेतो तो. मी कशाला मध्ये पडू?"

"आज माझ्यावर बोट हाय. मी हितनं गेले तर ते कुणाकडं वळंल?"

सरोजचा चेहरा उतरला. ती आत गेली आणि डबा घेऊन बाहेर आली.

चक्कीपुढे खाकीवाल्यांच्या बायकांची रांग लागली, तसा दौलतशेठ बाहेर आला. हौसाबाई सगळ्यांत पुढे होती.

"काय आहे हे?"

"दळण. आमा सगळ्यांचं दळ, न्हाईतर सगळ्यांचं परत कर."

"बाकीच्यांशी माझं भांडण नाही."

"कुणी केलं ते तुला ठावं न्हाई. आमाला बी ठावं न्हाई. मग एकीलाच का हाकलतोस?"

तेवढ्यात शीलाने डोक्यावरचा पितळी डबा खाली ठेवला. तो जेलरसाहेबांच्या घरचा होता; त्यांचं दळण तीच आणायची. दौलतशेठने तो ओळखला आणि नेहमीच्या सवयीने उचलायला वाकला.

"थांब," हौसाबाई म्हणाली. "हुकूम कुणी दिला? ज्यानं दिला त्याचं पीठ तुला चालतं, अन् ज्यानं ऐकला त्याचं चालत न्हाई?"

दौलतशेठ वाकलेला तसाच राहिला. रांगेबाहेर उभ्या असलेल्या सुमतीबाई, शाळेतल्या बाई, सगळं ऐकत होत्या. आता बायकांच्या बाजूने त्या दोन शब्द बोलतील, असं हौसाबाईला वाटलं. सुमतीबाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "दौलतशेठ, तुम्ही कोणाचंही दळा. फक्त माझं यांच्या आधी काढा."

दौलतशेठने त्यांचं आधी काढलं. मग लाइनीतलं सगळं दळलं, हौसाबाईचं सगळ्यांत शेवटी. तिने डबा उचलला तेव्हा त्याने चक्की साफ करायला पोत्यातून ओंजळभर कोंडा घेऊन आत टाकला. कोंडा पार खाली उतरेपर्यंत त्याने दुसरं धान्य ओतलं नाही. हौसाबाईने ते पाहिलं. पण ऊन ऊन पिठाचा डबा तिच्या कडेवर होता. ती घरी आली.

भाकरी वाढताना तिने महिपतला सगळं सांगितलं. तो ऐकता ऐकता हसलाही. बऱ्याच दिवसांनी.

"समद्या गेल्या व्हत्या?"

"समद्या."

"सरोज बी?"

"ती बी. पयल्यांदा नगं म्हणत व्हती."

महिपतचा घास हातातच राहिला. "का नगं म्हणाली?"

"मला काय ठावं? तुमी का इचारता?"

"उगीच," तो म्हणाला आणि त्याने कालवणाची वाटी जवळ ओढली.

चक्की तिला त्यानंतर कधी बंद झाली नाही. पण उत्तम शिपाई नळावर दिसला की हौसाबाईची नजर आधी त्याच्या मनगटांवर जायची. सरोज विरजण मागायला आली. वाटी परत आली तेव्हा हौसाबाईने ती राखेने घासली आणि पुन्हा घासायला घेतली. मग हातातली राख तिने तिथेच टाकली. स्वतःचीच लाज वाटून ती सूप आणि जोंधळे घेऊन सरोजच्या ओट्यावर जाऊन बसली.

दोघी दुपारभर निवडत होत्या. गावच्या गोष्टी निघाल्या, शीलाच्या पोराच्या खोकल्याच्या निघाल्या. मधेच हौसाबाईने मान वर केली, तर सरोज हातातले खडे तसेच धरून तिच्याकडे टक लावून बघत होती. नजरानजर होताच दोघींनी माना खाली घातल्या.