छातीचा फोटो

फोटोवाल्या बाईंनी पेनाचं टोपण दातांनी काढलं आणि फॉर्मवरचा चौथा रकाना गाठला.

“शेवटची पाळी कधी आली?”

समोर एक पोर उभं होतं. वय सोळा, फॉर्मवर ‘स्त्री’, केस कानाच्या वर कापलेले, एवढ्या उकाड्यातही अंगात जाड जॅकेट. डावा हात बरगडीशी दाबून धरलेला.

“अगं, ऐकू येतंय ना? एक्स-रेच्या आधी मुलींना विचारावंच लागतं. मला हौस नाही.”

“बारा तारखेला,” दारातून आईनं उत्तर दिलं. “मीच लक्षात ठेवते. हिला विचाराल तर तासभर भिंतीकडे बघत बसेल.”

पोरानं खरंच भिंतीकडे तोंड फिरवलं.

“दुखायला कशानं लागलं?”

“पडलो.”

बाईंचं पेन थांबलं. “पडलो?”

“पडले म्हण!” आईचा आवाज बाहेरच्या बाकांपर्यंत गेला. तिथं बसलेल्या दोघी-तिघींनी माना वळवल्या. “बघा, हे असं. वर्ष झालं. शाळा नको, जेवण नको, झोप तर नाहीच. कुणी काय डोक्यात भरवलंय देव जाणे. एकुलती एक मुलगी आमची, आणि आरशावर टॉवेल टाकून अंघोळ करते.”

वडील आईच्या मागं उभे होते. वायरमन असावेत; शर्टाच्या खिशाला टेस्टर अडकवलेला, नखांत काळं.

“नाटकं आहेत सगळी,” ते म्हणाले. “फोटो काढा आणि मोकळं करा आम्हाला.”

बाईंनाही तेच हवं होतं. जोडीच्या सहकाऱ्यानं दांडी मारल्यामुळं सकाळपासून दोघांचं काम त्या एकट्या ओढत होत्या. हल्लीच्या पोरांना सगळं आयतं मिळतं, दुखणीसुद्धा, असं त्यांचं मत होतं आणि ते त्या लपवत नसत. त्यांनी आईवडिलांना बाहेर घालवून दार लावून घेतलं.

“जॅकेट काढ. आतलंही. पडद्यामागं गाऊन आहे.”

“शर्टावरून नाही का निघत?”

“निघत असता तर काढ म्हटलं असतं का?”

पोर जागचं हललं नाही. बाईंनी घड्याळाकडं पाहिलं, पुढं झाल्या आणि स्वतःच जॅकेटची चेन खाली ओढली. पोरानं त्यांचं मनगट पकडलं, इतक्या जोरात की घड्याळाचा पट्टा कातडीत रुतला.

“हात लावू नका.”

“मग आपलं आपण काढ. बाहेर बारा जण खोळंबलेत.”

पडद्यामागं बराच वेळ लागला. पोर गाऊन घालून बाहेर आलं तेव्हा त्याच्या हातात दोन गुंडाळ्या होत्या. तपकिरी, ताणल्या जाणाऱ्या, पाय मुरगळल्यावर बांधतात त्या पट्ट्या. त्यानं त्या स्टुलावर ठेवल्या. गाऊनच्या बाहीखाली, काखेपाशी, लाल वळ उठले होते. दंडावर जुन्या, पांढऱ्या पडलेल्या बारीक रेघा होत्या, एकीखाली एक. बाई त्या मोजायला लागल्या आणि मध्येच थांबल्या.

“हे छातीला बांधून फिरतेस?”

पोरानं गाऊन पुढं ओढून घेतला.

“किती वेळ?”

“झोपतानाही.”

“दिलं कुणी?”

“कपाटात होतं.”

“कपाटात काय उगवतं होय?”

“तुम्हाला उशीर होतोय ना?” पोराचा आवाज अगदी कोरा होता. “काढा फोटो.”

बाईंनी त्याला एक्स-रेच्या पाटीसमोर उभं केलं. खांदे पुढं ढकलले, हनुवटी वर केली.

“श्वास घे. भरून.”

पोरानं अर्धाच घेतला.

“भरून म्हटलं ना!”

“येत नाही.”

काचेमागं जाऊन बाईंनी बटण दाबलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्र उमटलं. डावीकडच्या सातव्या बरगडीवर केसाएवढी रेघ होती. त्यांनी चित्र मोठं करून पाहिलं. रेघ तिथंच होती.

पोर कपडे बदलायला गेलं. दारावर टकटक झाली आणि वडील एकटेच आत आले. आई औषधांच्या रांगेत नंबर धरायला गेली होती. त्यांची नजर आधी स्टुलावर गेली. फोटोचं काहीही विचारायच्या आत त्यांनी दोन्ही गुंडाळ्या उचलून पँटच्या खिशात कोंबल्या.

“ठेवा ते तिथंच,” बाई म्हणाल्या. “तिच्या आईला दाखवायचंय मला. बरगडी मोडून घेतलीय पोरीनं स्वतःची.”

“आईला नका दाखवू.”

“का?”

“मीच आणलं ते.”

बाईंनी दार ढकलून लावून घेतलं.

“आधी ती चिकटपट्टी लावायची. खोकी बंद करतात ती. न्हाणीघराबाहेर उभं राहिलं की सोलताना आवाज यायचा. कातडीसकट.” ते पडद्यावरच्या बरगड्यांकडं बघत बोलत होते. “मला हे पटलेलं नाही. पटणारही नाही. खरं सांगू, तिच्याकडं बघितलं की माझं डोकं सणकतं. पण तो आवाज... दुकानदार म्हणाला, ही पट्टी मऊ असते. कपाटात ठेवून दिली. बोललो काही नाही.”

“छातीला नसते बांधायची ही!” बाईंचा आवाज चढलेलाच होता, तो खाली कसा आणायचा ते त्यांना कळेना. “श्वास घेईल तशी आवळत जाते.”

“मला काय माहीत?” तेही तेवढ्याच जोरात म्हणाले. मग एकदम हळू, “मग काय बांधायचं असतं?”

वीस वर्षांच्या नोकरीत हे बाईंना कुणी विचारलं नव्हतं.

“आता सहा आठवडे तरी काहीच नाही. बाकी डॉक्टर सांगतील.”

“आणि सहा आठवड्यांनी?”

पडद्याच्या कड्या वाजल्या. पोर कपडे घालून उभं होतं. कधीपासून, कोण जाणे. ते वडिलांच्या फुगलेल्या खिशाकडं बघत होतं. वडील फरशीकडं.

बाईंनी एक कागद फाडला, त्यावर घाईघाईनं काहीतरी लिहिलं आणि तो वडिलांपुढं न धरता पोरापुढं धरला.

“मंगळवारी. वरचा मजला, सतरा नंबरची खोली. मनाच्या डॉक्टर आहेत. तुझ्यासारखी येतात त्यांच्याकडं. त्यांना विचार.”

“तिची आई येऊ देणार नाही,” वडील म्हणाले.

“बरगडी दाखवायला म्हणून या. बरगडीही दाखवा.”

पोरानं कागद घेतला. आभार वगैरे काही मानले नाहीत. बाईंनीही वाट पाहिली नाही. पुढच्याचं नाव पुकारायला त्यांनी दार उघडलं, तर दारात आई, हातात औषधांची पिशवी.

“काय निघालं हो?”

“बारीक चीर आहे.”

“चीर? अगं बाई! कशानं?”

“धडपडते दिवसभर, दुसरं काय!” वडील कडाडले. “लक्ष कुठं असतं? चल, पाय उचल. तुझ्यापायी खाडा झाला माझा आज.”

आईनंही त्यांच्या सुरात सूर मिसळला. तिघं बाहेर पडली. बाहेर चिकार गर्दी होती. कुणी खुर्ची ढकलत होतं, कुणी रांग मोडून घुसत होतं. बाई दार धरून उभ्या राहिल्या. वडिलांचं तोंड शेवटपर्यंत चालू होतं. पण चालताना ते पोराच्या डाव्या अंगाला आले होते, आणि आपलं कोपर बाहेर काढून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला धक्का देत होते.