डब्यातले चौदा तुकडे

हिरा गेल्याचं मला कळलं तेव्हा लाइनमन संपत माझ्या दुकानात बसला होता. २००३ सालचा फेब्रुवारी, मंगळवार. धायरीत माझं शेगड्या आणि इस्त्र्या दुरुस्त करायचं दुकान आहे. संपत सांगत होता, "महिपतराव, पुढच्या बुधवारी नवा ट्रान्सफॉर्मर चालू होतोय. तुमचे पिवळे बल्ब आता पांढरे होतील."

"चार वर्षं हेच ऐकतोय," मी म्हटलं.

तेवढ्यात समोरचा वाणी धावत आला. त्याच्या फोनवर निरोप आला होता. माझी बायको भाजीला गेली होती, ती रस्त्यातच कोसळली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. डोक्यातली शीर फुटली, असं डॉक्टर म्हणाले.

संपतचं बोलणं मी विसरून गेलो. शनिवारी संध्याकाळी आठवलं. मुलगी सृष्टी खराडीच्या कंपनीतून रजा घेऊन आली होती. दिव्यात तेल घालता घालता तिने वर बघितलं आणि म्हणाली, "अण्णा, किती लो व्होल्टेज आहे आपल्याकडे."

मी ताडकन उठलो.

आमच्याकडे एवढ्या इमारती झाल्या की जुना ट्रान्सफॉर्मर पुरेना. दोनशे तीसच्या जागी संध्याकाळी एकशे पंच्याहत्तर व्होल्ट मिळायचे. आसपासच्या खोल्यांतले भाडेकरू लातूर, परभणीकडचे. त्यांच्याकडे गॅस नाही, म्हणून कॉइलच्या शेगडीवर स्वयंपाक. बाजारातली कॉइल त्रेपन्न ओहमची असते. एवढ्या कमी व्होल्टेजवर ती नुसती लालसर व्हायची, भाकरी फुगायची नाही. म्हणून मी कॉइलचा तिसरा हिस्सा कापून टाकायला लागलो. वायर कमी झाली की अडथळा कमी, करंट जास्त. कापलेली शेगडी लावून मी मीटर बघायचो आणि हिरा हिशेब करायची. सातवी शिकलेली, पण भागाकार माझ्याहून पक्का. "भागलं की ओहम, गुणलं की वॅट," असं ती म्हणायची. एकशे पंच्याहत्तर व्होल्ट, पाच अँपिअर. भागिले पाच, पस्तीस ओहम. गुणिले पाच, आठशे पंच्याहत्तर वॅट. भाकरी फुगली. मला त्याचा अभिमान होता.

व्होल्टेज कधीतरी सुधारेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. एकशे पंच्याहत्तर हाच खरा आकडा, असं मी धरून चाललो होतो.

मी सृष्टीला सगळं सांगितलं. तिने कागद घेतला.

"नव्यावर किती मिळतील?"

"ट्रान्सफॉर्मर जवळच आहे. दोनशे पंचेचाळीससुद्धा येतील."

"भागिले पस्तीस म्हणजे सात अँपिअर. गुणिले सात..." ती थांबली. "सतराशे पंधरा वॅट. अण्णा, पॉवर डबल होते."

त्या खोल्यांतली वायर सुतळीसारखी, प्लग पाच अँपिअरचा. शेगडीपासून हातभरावर अंथरूण. सात अँपिअरला ती वायर पेट घेणार.

"कोणाकोणाला दिल्यात?" तिने विचारलं.

ते मला ठाऊक नव्हतं. कापायचो मी, पोचवायची हिरा. मी कधी विचारलं नाही. पण हिरा काही टाकून द्यायची नाही. बिस्किटांच्या डब्यात कॉइलचे कापलेले तुकडे होते. एकेक मीटरवर लावला. प्रत्येक अठरा ओहमच्या आसपास. त्रेपन्नातून पस्तीस गेले की अठराच उरतात. तुकडे चौदा होते. म्हणजे शेगड्या चौदा.

मी चप्पल घातली तसे थोरले बंधू हिंदुराव दारात आडवे आले. "सुतक आहे. दहाव्याआधी कोणाच्या दारात जायचं नाही. लोक काय म्हणतील?"

"लोक जिवंत राहिले तर म्हणतील," मी म्हटलं.

आधी गेलो तुळजाबाईकडे. तिच्या दहा खोल्या भाड्याने आहेत. मी उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो.

"आरं महिपती, सुतकात आलास?"

"मावशी, हिराने दिलेली शेगडी परत द्या. कॉइल बदलून आणतो."

"आता कुठं भाकरी फुगाया लागली, तर चालला बदलाया! बायकूनं दिलेली वस्तू नवरा मागं नेतो, हे आजच बघितलं."

मी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, आत गेली आणि शेगडी आणून उंबऱ्यावर ठेवली. मग एकेका खोलीचं दार वाजवून ओरडली, "शेगड्या काढा गं! हिराच्या मालकाला द्या!" तिथे आठ निघाल्या. त्या बायकांनीच मागच्या गल्लीतली घरं सांगितली. कोणी मला सुतकावरून बोललं नाही. एकीने विचारलं, "जेवलात का काका?"

सोमवारपर्यंत तेरा शेगड्या झाल्या. सगळ्यांना अख्खी कॉइल बसवून दिली. थोडे दिवस भाकरी कच्ची राहील, बुधवारनंतर फुगेल, असं सांगितलं. चौदावी मिळेना. परत तुळजाबाईकडे गेलो.

"नंदाकडं आसल," ती म्हणाली. "परभणीची पोर. बाळंतीण हुती. हिरानं तिला फुकट दिली, पोरीचं पाणी तापवाया. तुला न्हाई बोलली?"

"नाही."

"तू कशाला फुकट देशील, म्हनून न्हाई बोलली आसल." मग माझ्याकडे बघून तिने आवाज उतरवला. "नंदा दिवाळीत खोली सोडून गेली. मांजरीला, शहराच्या पल्याड. नवऱ्याला तिकडं काम लागलं."

"मांजरीत कुठे?"

"ते न्हाई बाबा ठावं."

बुधवारी ट्रान्सफॉर्मर चालू झाला. बल्ब पांढराशुभ्र पेटला. मी मीटर लावला. दोनशे त्रेचाळीस.

मांजरीला व्होल्टेज आधीपासूनच चांगलं असेल तर ती शेगडी दिवाळीपासून तशीच तापत असेल. दहावं झाल्यापासून दर रविवारी मी तिकडे जातो. पिशवीत अख्खी कॉइल असते. ऊसतोडीच्या झोपड्या बघितल्या, नव्या इमारतींच्या मागच्या पत्र्याच्या खोल्या बघितल्या. परभणीची नंदा, कडेवर लहान मुलगी, असं विचारत फिरतो. पाच रविवार झाले. तिचं घर मला सापडलेलं नाही आणि चौदाव्या शेगडीची कॉइल बदलायची राहिली आहे.