भुंडे हात

संस्थान विलीन झालं, ग्वाल्हेरचं मध्यभारत झालं, कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या. बदलू देत बापड्या! शामलाचं त्यानं काही अडलं नव्हतं. अडलं ते वर्षभरानं, नव्या खात्याचा हुकूम आला तेव्हा. सगळ्या सुइणींनी पांढरी पाचवारी नेसावी, हातात बांगडी नको, कपाळी टिकली नको. स्वच्छता हवी म्हणे.

हुकूम काढणारे साहेब आपलेच, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले मराठी. त्यांना बिचाऱ्यांना काही खटकलं नाही. आपल्या घरांत विधवेचं लुगडं तांबडं, आलवण. पांढरं म्हणजे नुसतं स्वच्छ. पण चंबळेकाठच्या गावांत पांढरी साडी आणि भुंडे हात म्हणजे नवरा गेलेली बाई. तिची सावलीसुद्धा तिथं बाळंतिणीच्या खोलीत पडू देत नाहीत.

आणि शामला खरोखरच विधवा होती.

दौलतगंजात, तिच्या पेठेत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नवरा विषमज्वरानं गेला तेव्हा सासऱ्यांनी, नानांनी, लोकांच्या बोलण्याला भीक घातली नाही. सुनेला सुईणपण शिकायला इस्पितळात धाडलं. जन्म दरबारात गेलेला माणूस. कुठं काय चालतं ते त्यांना बरोबर कळे. ती पहिल्यांदा गावांकडे निघाली तेव्हा त्यांनीच हिरव्या बांगड्या पुढे ठेवल्या.

"शहराबाहेर पडलीस की भर. कुंकूही लाव. पाप लागलं तर माझ्या माथी."

तेव्हापासून आठ वर्षं शामला काष्टा मारून उंटावरून खोऱ्याखोऱ्यांत हिंडली. जिथं डॉक्टर फिरकत नसे तिथं ही जाई. तिच्या हातून सुटलेली पोरं गावोगाव खेळत होती आणि त्याचा तिला भारी अभिमान होता, का नसावा? बायका तिला बाईजी म्हणत, नवऱ्याची खुशाली विचारत. "ठीक हैं," ती सांगे, आणि दर वेळी विषय बदले.

आता बांगड्या चढवायची सोय उरली नाही. तपासणीची जीप कुठंही गाठी आणि हुकूम मोडला तर नोकरी जाणार.

"पोरी, दारातूनच परत पाठवतील तुला," नाना म्हणाले.

"सरकारी वर्दी आहे म्हणून सांगेन, नाना. वर्दीपुढे कोण बोलतंय?"

आणि निघाली. पाचवारी नेसून उंटावर बसणं काय असतं ते साहेबांनी एकदा बसून बघायला हवं होतं!

बोलावणं चंबळेकाठच्या एका गावातून, रामश्रीच्या बाळंतपणाचं होतं. पोर कालपासून अडली होती. दारात तिची सासू उभी होती, जिला सगळं गाव अम्मा म्हणे. शामलाला बघताच म्हातारीनं कपाळावर हात मारला.

"हाय राम! बाईजी, कब गुजरे?"

"सरकारी वर्दी है, अम्मा. अंदर जाने दो."

अम्मा जागची हलली नाही. दोन्ही हात चौकटीला लावून तिनं शामलाकडे रोखून पाहिलं.

"तो कसम खाओ. पेटवाले की कसम खाओ कि सुहागन हो."

शामलानं तोंड उघडलं. आठ वर्षं जे सहज जिभेवर येई ते आज येईना. त्या न जन्मलेल्या जिवाच्या डोक्यावर खोटं कसं ठेवायचं? खरं सांगावं तर दार बंद, आणि आत पोर मरणार.

"नहीं, अम्मा," ती म्हणाली. "दस साल हुए. पहली बार यहाँ आई थी, तब भी विधवा ही थी."

"दैया रे!" अंगणात जमलेल्या बायकांत कालवा झाला. एकीनं तर कडेवरचं मूल पदराखाली झाकलं. आता काय झाकतेस, बाई! त्याची नाळच हिनं कापलेली.

आत रामश्री कण्हली. आवाज पार खोल गेला होता.

"जो कहना है बाद में कहना," शामला कळवळून म्हणाली. "गाँव से निकाल देना. अभी रास्ता दो, अम्मा. दोनों मर जाएँगे."

अम्मानं अंगणात धूळ उडवत खेळणाऱ्या आपल्या दोन नातवंडांकडे पाहिलं. मग शामलाकडे.

"झूठी!" ती ओरडली. आणि दारातून बाजूला झाली. "अब खड़ी क्यों है? हाथ धो!"

मूल आडवं होतं. शामलानं ते कसं फिरवलं, किती वेळा देवाचं नाव घेतलं, तिचं तिलाच ठाऊक. ऊन कलता कलता पोरगी जन्मली, निळी पडलेली. शामलानं पाठीवर चापट्या मारल्या, तोंड पुसलं, पुन्हा मारल्या. मग पोरगी अशी रडली की अंगणातल्या बायका दाराशी गोळा झाल्या. रामश्रीनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

त्या घरात बाळाला सगळ्यांत आधी सवाष्णीच्या मांडीवर देत. रामश्रीची चुलत सासू ओटी पसरून बसलीच होती. अम्मानं पोरगी उचलली, तिला ओलांडून पुढे गेली आणि शामलाच्या डागाळलेल्या पांढऱ्या साडीवर ठेवली.

"अम्मा, ये तो..." चुलत सासू चाचरली.

"मालूम है," अम्मा म्हणाली. "मेरे दोनों पोते इसी के हाथ के हैं. और किसी को कुछ कहना है?"

चुलत सासूनं पसरलेली ओटी आवरून घेतली. शामलाचा ऊर अभिमानानं भरून आला आणि डोळे वाहू लागले. पुसावेत असंही तिला वाटलं नाही. पोरगी मांडीवर टाहो फोडत होती आणि शामला ताठ बसली होती, सगळ्यांच्या देखत.